प्रकाशाचा चिमटा

सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसते, पण तिच्यातले एखादे प्रथिन किती जोर लावते हे नुसते पाहून कळत नाही; त्याला धरावे लागते. आर्थर ॲश्किन आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली बेल लॅब्जमध्ये एकाच लेझर झोताने हे धरणे साधले. झोत भिंगातून एका बिंदूवर आणला की पारदर्शक कण तिकडे खेचला जातो, कारण कणातून वळणारा प्रकाश त्याला उलट रेटा देतो. कण बाजूला सरकला की स्प्रिंगसारखी ओढ लागते. सरकण्यावरून बल मोजता येते. कायनेसिन हे पेशीतले हमाल प्रथिन. १९९३ मध्ये त्याला चिकटवलेला बारीक मणी चिमट्यात धरला, तेव्हा ते ८ नॅनोमीटरची एकेक ढांग टाकताना आढळले. केवढी ही नजर!

लेझरने पेशी जळणार नाही का? हिरव्या प्रकाशात जिवाणू मरत, हे खरेच. ॲश्किन अवरक्त प्रकाशाकडे वळले, आणि १९८७ मध्ये चिमट्यात धरलेल्या पेशींचे विभाजनही झाले. तरी झोत जपूनच वापरावा लागतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: काचपट्टीवरचा एकटा रेणू म्हणजे गजबजलेली पेशी नव्हे. मान्य. पण एकट्या हमालाची ताकद माहीत नसेल, तर अनेकांच्या ओढाताणीत कोण कमी पडतो हे कसे ओळखणार? आणि ते ओळखणे निकडीचे आहे, कारण कायनेसिनच्या एका जनुकातील बिघाडाने पाय ताठरत जाणारा आनुवंशिक आजार होतो.