विद्यार्थ्यांची उदासी

परभणीस १९७२ साली कृषी विद्यापीठ झाले. तेथे व गावातील इतर महाविद्यालयांत खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांची मुले खोल्या घेऊन शिकतात. फीसाठी बापाने सोयाबीन विकलेले असते. म्हणून नापास झालेला मुलगा घरी कळवीत नाही, हळूहळू सोबत्यांसही टाळू लागतो.

याला आळस म्हणणे सोपे आहे. परंतु दोन आठवडे मन उदास राहिले, झोप व भूक गेली, कशातच गोडी वाटेना, तर तो आजार समजावा. उपचाराने तो बरा होऊ शकतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना निदान एक समुपदेशक नेमण्यास सांगितले. ठीकच झाले. पण तेथपर्यंत मुलगा आपण होऊन क्वचितच जातो. त्याचे ताट दोन दिवस वाढले गेले नाही, हे प्रथम कळते खानावळीच्या बाईंना. कामगाराचा नागा पडला की आम्ही संघटनेची माणसे त्याच्या घरी जातो. तसेच येथे कुणी जावे. परीक्षेचा विषय काढू नये, जेवलास का विचारावे. जगणेच नको असे तो म्हणाला, तर त्यास एकटे न सोडता रुग्णालयात न्यावे. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर मराठीत, रात्रंदिवस, फुकट सल्ला मिळतो. हा क्रमांक खानावळीत दरपत्रकाशेजारी ठळक लिहावा.