शेवटची पायरी का चुकते?

करी रोड स्टेशनावर लष्कराने २०१८ मध्ये बांधलेला पूल उतरताना एखादे आजोबा शेवटच्या पायरीशी अडखळतात. दोष पायांचाच असतो असं नाही. कधी एका डोळ्यात मोतीबिंदू असतो. दोन डोळ्यांमध्ये साधारण ६ सेंटिमीटर अंतर, त्यामुळे दोघांना दिसणारं चित्र किंचित वेगळं. त्या फरकावरून मेंदू खोली जोखतो. एक डोळा अधू झाला, की सावल्या आणि आकार यांवरच भिस्त. सवयीने निभतं, तरी सुई ओवणं, कपात चहा ओतणं जिकिरीचं! दोन्ही डोळे अधू झाले तर चेहरे, बसचे नंबर, हळूहळू घराबाहेर पडणंच सुटतं. चांगला डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो, म्हणून ती उशिरा कळते. आजच एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचून पाहा.