पाळी लांबली की पोट पडलं?

दुपारची भांडी उरकली असतील, नसतील तर रेडिओ ओट्यावर ठेवा आणि हात चालू द्या. आज आवाज जरा बारीक ठेवलात तरी चालेल, कारण विषय असा आहे की आपण तो चारचौघांत काढत नाही. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडतो तेव्हा ते ओळखायचं कसं, हे आम्ही सांगणार आहोत. आम्ही म्हणजे बचत गटाच्या बाया, डॉक्टर नव्हे. पण आज जे बोलणार ते आधी उपकेंद्राच्या सिस्टरताईंना वाचून दाखवलंय, त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्त केलं, आणि मगच माईकसमोर बसलोय.

गेल्या वर्षीची गोष्ट. हप्त्याच्या बैठकीला आमच्यातली एक सून भिंतीला टेकून बसली होती. पोटात एका बाजूला दुखतंय म्हणाली. पाळी पंधरा दिवस लांबली होती आणि आता थोडे थोडे डाग दिसतायत, हेही तिने शेजारणीच्या कानात सांगितलं. आम्ही काय केलं? ओवा दिला, ‘गॅस धरला असेल’ म्हणालो, आणि वही पुढे सरकवून तिची सही घेतली. संध्याकाळी ती मोरीत चक्कर येऊन पडली. १०८ ची गाडी बोलावली, तालुक्याला नेलं, तिथून जिल्ह्याला. गर्भ पिशवीत नव्हताच, नळीत वाढत होता आणि नळी फुटली होती. ऑपरेशन झालं, बाई वाचली. ती अजूनही बैठकीला येते. आम्हाला मात्र तो ओवा विसरता येत नाही.

तर पहिली गोष्ट. दिवस गेलेत हे कळलंच नाही, तर गर्भ पडला हे कळणार कसं? आपल्यातल्या कितीतरी जणी ‘यंदा पाळी लांबली आणि मग फार अंगावरून गेलं’ एवढंच म्हणून मोकळ्या होतात. त्यातल्या काहींचं ते पोट पडलेलं असतं. म्हणून पाळीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा. पाळी आठवडाभर चुकली की आशाताईंकडे जा, त्यांच्याकडे लघवी तपासायचं निश्चय किट असतं. दोन रेघा आल्या की दिवस मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, नवरा गावाहून आला त्या रात्रीपासून नाही. (हसू नका, आमच्या बैठकीत यावरून अर्धा तास वाद झाला होता.)

आता डाग. पहिल्या तीन महिन्यांत चार गरोदर बायांमागे साधारण एकीला थोडंफार रक्त दिसतं, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या जणींचं बाळंतपण पुढे नीट होतं. म्हणजे डाग दिसला की सगळं संपलं असं नाही. तपकिरी डाग बहुतेक जुन्या रक्ताचा असतो. लाल ताजं रक्त असेल तर जास्त लक्ष द्यायचं. पण डाग कसलाही असो, त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी दाखवायचाच. ‘बघू दोन दिवस’ हे वाक्य आपण फार वापरतो.

गर्भ पडतोय असं वाटावं अशी लक्षणं ही: रक्त कमी व्हायच्या ऐवजी वाढत जातं. ओटीपोटात कळा येतात, थांबतात, पुन्हा येतात, पाळीच्या कळांपेक्षा जोरात. कंबर भरून येते, मांड्यांपर्यंत ओढ लागते. गाठी पडतात. रक्ताची गाठ काळपट लाल असते आणि सहज फुटते. त्याबरोबर करडा-पांढरट, मांसासारखा तुकडा पडला तर तो गर्भाचा भाग असू शकतो. तो फेकू नका, संडासात ओतू नका. किळस येईल, रडू येईल, तरी स्वच्छ डबीत घालून बरोबर न्या. सगळं पडून गेलंय की काही आत राहिलंय, हे ठरवायला डॉक्टरांना त्याची मदत होते.

ओकाऱ्या थांबल्या, छाती दुखायची थांबली, म्हणजे गर्भ गेला का? एवढ्यावरून सांगता येत नाही. तिसरा महिना सरताना ओकाऱ्या तशाही कमी होतात. उलट काही वेळा रक्ताचा थेंबही जात नाही, दुखत नाही, आणि सोनोग्राफीत ठोके मिळत नाहीत. सहाव्या-सातव्या आठवड्याच्या आत ठोके दिसतीलच असं नसतं, म्हणून डॉक्टर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावतात. सासूबाईंना वाटतं, दुसऱ्यांदा पैसे काढतायत. तसं नाही. घाईने निकाल देण्यापेक्षा ते बरं.

आता जे सांगतोय ते लिहून घ्या, नाहीतर पोरीला लिहायला लावा. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ फिरवायचा.

पोटात एकाच बाजूला जोरात दुखतंय, खांद्याच्या टोकाशी दुखतंय, चक्कर येतेय, अंग गार पडून घाम सुटलाय: हे नळीतल्या गर्भाचं असू शकतं. खांदा का, असं तुम्ही विचाराल. पोटात आत सांडलेलं रक्त वरच्या पडद्याला टोचतं आणि दुखणं खांद्यात जाणवतं. अशा बाईचं बाहेर रक्त नुसतं डागभर असतं, म्हणून घरातले निश्चिंत राहतात, जसे आम्ही राहिलो.

रक्त किती जातंय हे पॅडवरून मोजा. तासाला दोन पॅड पूर्ण भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललंय, तर धोका आहे असं डॉक्टर मानतात. पण आपल्याकडे गाडी वाडीपर्यंत यायलाच तास जातो. तासाला एक पॅड चिंब व्हायला लागलं की आम्ही तरी निघू. कापड वापरत असाल तर किती घड्या, किती वेळा बदलल्या, ते सांगा. आणि हे विसरू नका की आपल्या अंगात आधीच रक्त कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांना रक्ताची कमतरता निघाली. जिचं हिमोग्लोबिन आठ आहे तिला थोडं रक्त गेलं तरी ती लवकर खचते.

थंडी वाजून ताप, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास, पोट हात लावू देत नाही: आत जंतू झालेत. हेही त्याच दिवशी.

दवाखान्यात गेल्यावर तीन वाटा असतात. थांबून आपोआप पडू द्यायचं, गोळ्या द्यायच्या, किंवा पिशवी साफ करायची. कुठली, ते तपासून ठरतं. मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणून घरीच घेऊ नका. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी पडत नाही, आणि रक्त गेलं म्हणून बाई समजते की झालं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते स्वतःहून सांगा. काही वेळा अँटी-डी नावाचं इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यावं लागतं, नाहीतर पुढच्या बाळाला त्रास होऊ शकतो. आपोआप गर्भ पडलेल्या बाईवर उपचार करून घेणं हा काही गुन्हा नाही, तेव्हा डॉक्टरांपासून काही लपवू नका.

मग सुरू होतं, हिनं काय केलं? पपई खाल्ली, हंडा उचलला, जिना चढली, अमावास्येला बाहेर गेली. मैत्रिणींनो, कळलेल्या दर शंभर गरोदरपणांत दहा ते वीस असे पडतात आणि बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच. साधारण निम्म्या वेळा गर्भाच्या गुणसूत्रांची जुळणीच चुकलेली असते. त्यात बाईचा हात नसतो, नवऱ्याचाही नसतो. थायरॉइड, हाताबाहेर गेलेली साखर, मिश्री-तंबाखू यांनी धोका वाढतो हे खरं, त्यावर उपाय करता येतो. ऊसतोडीला गेलेल्या बाईला पोटुशी असतानाही मोळी सुटत नाही, त्याबद्दल आपण वेगळं भांडायचंय. पण एक हंडा उचलला म्हणून पोट पडलं, असं सुनेला ऐकवू नका. पडून राहिल्याने पडणारा गर्भ थांबतो याचाही पुरावा नाही. विश्रांती द्यायची ती बाईच्या अंगासाठी.

नंतर दोन आठवड्यांपर्यंत थोडं थोडं जातं. पाळी चार ते सहा आठवड्यांत येते, पण दिवस त्याआधीच राहू शकतात, हे नवऱ्यालाही सांगा. रक्ताच्या गोळ्या चालू ठेवा. लागोपाठ दोनदा झालं तर दोघांची तपासणी करून घ्या. कारखान्यात, दुकानात, शाळेत पगारावर असाल तर कायद्याप्रमाणे गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मागता येते, डॉक्टरांचा दाखला लागतो. शेतात रोजाने जाणाऱ्या आपल्यासारख्यांना या कायद्याची रजा नाही. तिथे शेजारणीने दोन दिवस भाकरी पोचवली तरच बाई पडून राहते.

आमच्या गटाने त्या रात्रीनंतर एक ठराव केला. पेटीत दोन हजार रुपये कायम ठेवायचे. अंगावरून जातंय म्हणून कुणाच्या घरून निरोप आला की बैठक नाही, अर्ज नाही, पैसे लगेच हातात, सही नंतर. किल्ली दोघींकडे आहे, एक वरच्या आळीत आणि एक देवळामागे. वहीच्या मागच्या पानावर आशाताईंचा नंबर आहे, दोन जीपवाल्यांचे आहेत, आणि ज्या सुनांचे दिवस गेलेत त्यांच्या शेवटच्या पाळीच्या तारखा, त्यांची हरकत नसेल तरच. नंबर १०८ तर पोरांनाही पाठ झालाय. फोनवर एवढंच बोलायचं: किती दिवस चढलेत, तासाला किती पॅड, दुखतंय कुठे, चक्कर आली का, आणि गाडी वळायची खूण कोणती.