पहिलेपणाच्या पुढचं काम

कोल्हापूर जिल्ह्यातल्या बिद्रीसारख्या गावात कुणाचं आजारपण हाताबाहेर गेलं की पेशंटला कोल्हापूरला ‘सीपीआर’ या सरकारी रुग्णालयात हलवतात. संस्थानी काळात हेच आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. त्याच्या स्त्री-विभागावर पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक, आनंदीबाई जोशी यांची नेमणूक झाली होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षं पुरी होण्याआधीच त्या गेल्या आणि ती जागा त्यांना कधी सांभाळता आली नाही. पुढे याच रुग्णालयात खपल्या त्या डॉ. कृष्णाबाई केळवकर. आई रखमाबाई कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणाचं काम करणाऱ्या. लेक फर्ग्युसनमधून ग्रँट मेडिकल कॉलेजात गेली, डॉक्टर झाली. शाहू महाराजांनी तिला संस्थानच्या सेवेत घेतलं, पुढच्या शिक्षणासाठी परदेशी पाठवलं. तरी आनंदीबाई घरोघरी ठाऊक, आणि कृष्णाबाईंचं नाव कोल्हापुरातही सांगावं लागतं. बायकांचं कर्तृत्व आपण अडथळ्यावरून मोजतो. अडथळा ओलांडला की आपलं लक्ष उडतं, आणि त्यानंतरची कामाची वर्षं नोंदीबाहेर राहतात. दुसऱ्या एका रखमाबाईंचा, बालपणी झालेलं लग्न नाकारणाऱ्या डॉ. रखमाबाईंचा, १८८४ पासूनचा खटला सर्वांना माहीत आहे. सुरत आणि राजकोटमध्ये त्यांनी केलेल्या प्रदीर्घ वैद्यकीय सेवेवर क्वचितच कुणी लिहितं. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी सी. व्ही. रामन यांच्यापुढे धरलेला हट्ट आठवतो, त्यांचं नीरा या पेयावरचं संशोधन नाही.

पहिल्या येणाऱ्या बाईचा मान मोठा, तिच्यामुळेच पुढच्या मुलींना धीर येतो, असं यावर म्हटलं जाईल. ते मला मान्य आहे, आनंदीबाईंचं मोल तसूभरही कमी होत नाही. पण आज बिद्रीतून नर्सिंगला जाणाऱ्या मुलीला पहिलं होण्याची संधी उरलेली नाही. तीस वर्षं रात्रपाळ्या करत वॉर्ड सांभाळणं तिच्या वाट्याला येणार आहे, आणि त्या आयुष्याचा नमुना आपण तिच्यापुढे ठेवलेलाच नाही. दुसरा आक्षेप आधाराचा: शाहू महाराज नसते तर कृष्णाबाई कुठे असत्या? राजाश्रयाने नेमणूक मिळते, हे खरं. अडलेलं बाळंतपण मात्र डॉक्टरच्या हातानेच सुटतं.

असं विसरलेलं काम जवळपासही आहे. बिद्रीहून मुदाळ तिट्ट्यावरून पुढे गेलं की गारगोटी. तिथलं मौनी विद्यापीठ शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांच्या नावाने ओळखलं जातं, आणि ते रास्तच आहे. त्यांच्या पत्नी चित्रा नाईक (१९१८–२०१०) यांनीही त्या परिसरात शिक्षणाचं काम केलं. पुढे त्या राज्याच्या शिक्षण संचालक झाल्या, नियोजन आयोगाच्या सदस्य झाल्या. दिवसा शेतात आणि घरात राबणाऱ्या मुलींना सकाळची शाळा शक्य नाही, म्हणून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत त्यांनी रात्रीचे वर्ग चालवले. मुलीच्या सोयीने शाळेची वेळ बदलण्याचा हा विचार मला त्यांच्या सगळ्या पदांहून मोठा वाटतो. अशा कामाची कागदपत्रं कुठून आणायची, असं कुणी विचारेल. प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या प्रसूतीच्या नोंदवह्या आहेत, शाळांची हजेरीपत्रकं आहेत, आणि कागल-भुदरगडातल्या निवृत्त परिचारिका व शिक्षिका आजही बोलायला तयार असतील. त्यांच्याकडे कुणी तरी वही घेऊन गेलं पाहिजे, आणि ते याच वर्षी.