बाळाचा श्वास मोजा
पैठण तालुक्यातल्या पाचोडसारख्या गावात बाळाला खोकला झाला, की आई आधी कपाळाला हात लावून पाहते. त्यासोबत श्वासही मोजावा, कारण खोकला न्यूमोनियाचाही असू शकतो. न्यूमोनियात फुप्फुसं ताठर होतात, प्राणवायू कमी पडतो. तो भरून काढायला श्वास भराभर चालतो.

बाळ शांत असताना, दूध पीत नसताना अंगावरचं झबलं वर करा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं, की एक श्वास. पूर्ण 60 सेकंद मोजा. तान्ह्या बाळाचा श्वास अनियमित असतो, म्हणून 15 सेकंद मोजून चौपट करू नका.

मिनिटाला इतके किंवा जास्त श्वास म्हणजे धोका:
• 2 महिन्यांच्या आत: 60 (पुन्हा मोजून खात्री करा)
• 2 ते 12 महिने: 50
• 1 ते 5 वर्षे: 40

गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने निरक्षर दायांसाठी मण्यांचं साधन केलं: 10 श्वास झाले, की एक मणी सरकवायचा. मोजणं कुणालाही जमतं.

श्वास जलद असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध घेत नसेल किंवा ओठ निळे पडले असतील, तर ताबडतोब 108 ला फोन करा.