चौथीचा आठवडा

सातारा-सांगलीकडच्या जुन्या माणसाला ‘शिक्षण किती?’ असे विचारले, की ‘चौथी पास’ हे उत्तर ज्या ताठ मानेने येई, तशी मान आता पदवीधरांचीही दिसत नाही. बँकेच्या नोकरीत मी हे उत्तर किती वेळा ऐकले असेल, त्याची मोजदाद नाही. खाते उघडायच्या अर्जावर शिक्षणाचा रकाना असे आणि माणूस तो भरताना जरा सावरून बसे. चौथी म्हणजे अंगठ्यातून सुटका. चौथी झालेला माणूस सही करी, एस.टी.ची पाटी वाची आणि गावात कुणाची तार आली, की लोक त्याचे घर गाठीत.

या मुलखाने ही सुटका स्वस्तात मिळवलेली नाही. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमराव नावाच्या एका मुलाचे नाव इंग्रजी पहिलीच्या पटावर चढले. शाळेतल्या दिवसांबद्दल डॉ. आंबेडकरांनी पुढे लिहिले आहे, की वर्गात त्यांना एका कोपऱ्यात गोणपाटावर बसावे लागे. शाळेचा गडी त्या गोणपाटाला हात लावीत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचे आणि आणायचे. शिपाई नसला तर पाणी नाही. त्यानंतर 1924 मध्ये भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारे वसतिगृह काढले. पुढे रयत शिक्षण संस्थेने डोंगरातल्या खेड्यांत शेकड्यांनी व्हॉलंटरी शाळा उघडल्या. 1959 मध्ये प्रौढांना अक्षरओळख करून देणारी ग्रामशिक्षण मोहीम याच जिल्ह्यात सुरू झाली आणि मग राज्यभर गेली. गाव साक्षर झाले, की ‘ग्रामगौरव समारंभ’ व्हायचा.

ही सगळी धडपड माणसाला अक्षरापर्यंत नेण्याची होती. आज शाळा वाडीतच आहे. मूल चौथीच्या वर्गात पोहोचते, त्याला कुणी कोपऱ्यात बसवीत नाही. आता प्रश्न आहे तो तिथे पोहोचल्यावर आठवडाभर काय होते, याचा.

हा प्रश्न माझ्या डोक्यात कसा शिरला, ते सांगतो. मी शाखाधिकारी असताना एक गृहस्थ मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहायला आले. चौथी पास. ‘सही करण्याआधी वाचा,’ म्हटले. त्यांनी जामीनपत्राचे पहिले वाक्य खणखणीत वाचले. एकही जोडाक्षर चुकले नाही. वाचून झाल्यावर कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, ‘‘म्हंजी काय, सायेब?’’ (बँकेच्या मराठीलाही त्यातला निम्मा दोष द्यायला हवा. ते मराठी लिहिणाऱ्यालाही समजत असेल, याची मला खात्री नाही.) त्यांची मुलगी बरोबर होती, नऊ-दहा वर्षांची. मी सोप्या शब्दांत अर्थ सांगितला, तशी ती पटकन म्हणाली, ‘‘म्हणजे मामानं पैसे नाय भरले तर आपण भरायचे?’’ गृहस्थ गप्प झाले. कागद घडी घालून खिशात ठेवला आणि ‘इचार करून येतो’ म्हणून गेले. वाचणे म्हणजे काय, याची याहून चांगली व्याख्या मला आजवर मिळालेली नाही.

निवृत्तीनंतर मी जावळी तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत सोमवार ते शनिवार असा एक आठवडा बसायला गेलो. पहिली ते चौथी चार इयत्ता, दोन खोल्या, दोन शिक्षक. बाईंच्या खोलीत तिसरी आणि चौथी. चौथीत सात मुले. शहरातल्या वाचकाला वाटेल, सात मुलांना शिकवायचे तर काय अवघड! पण बाईंना एकाच वेळी दोन इयत्ता चालवायच्या असतात. तिसरीला जिल्ह्याचा नकाशा, चौथीला महाराष्ट्राचा. तिसरीला उदाहरणे घालून दिली, की चौथीकडे वळायचे. मध्येच पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा, मोबाइलवर आलेली माहिती तासाभरात भरून वर पाठवायची. यातून बाईंनी एक युक्ती काढलेली. तिसरीला वाचून दाखवायचे काम चौथीच्या मुलांचे. समोर ऐकणारा बसला, की वाचणाऱ्याला थांबावे लागते, समजावून सांगावे लागते.

सोमवार वजाबाकीचा. फळ्यावर 5000 उणे 2764. सातांपैकी तिघांचे उत्तर 3764. शून्यातून चार जात नाहीत, मग चारातून शून्य घालवायचे, हा मुलांचा जुना मार्ग. माझ्या वेळी या उत्तराला हातावर छडी होती. बाईंनी उत्तर खोडले नाही. म्हणाल्या, ‘‘बाबा पाच हजार घेऊन मेढ्याच्या बाजाराला गेले. 2764 चा बाजार केला. तुमच्या हिशेबानं खिशात 3764 उरले. आता दोन्ही मिळवा बघू.’’ मिळवले. 6528. एक पोरगा ओरडला, ‘‘बाई, बाजार करून पैसं वाढलं!’’ वर्ग हसला आणि तिघांनी न सांगता पाटी पुसली. मग बाईंनी खेळातल्या नोटा काढल्या. हजाराची एक मोडून शंभराच्या दहा, शंभराची एक मोडून दहाच्या दहा. ज्याला आपण ‘हातचा’ म्हणून पोरांच्या डोक्यात घोटवले, तो म्हणजे सुटे आणणे, दुसरे काही नाही. जन्म रोखपालांच्या शेजारी काढूनही मला हे इतक्या सोप्या शब्दांत कुणी सांगितले नव्हते.

आकड्यांचे आपल्या भाषेत आणखी एक दुखणे आहे. ‘सत्तेचाळीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतो आणि लिहिताना चार आधी लिहायचा असतो. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘चाळीस सात’ अशी वाचनाची जोड दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! मंगला नारळीकरांसारख्या विदुषीला त्याची बाजू मांडावी लागली. भाषेच्या नावाने जे तेव्हा तावातावाने बोलत होते, त्यांनी पैसे काढायच्या स्लिपेवर 47 च्या जागी 74 लिहिणारा भला माणूस पाहिलेला नसावा. मी पुष्कळ पाहिले.

मंगळवार-बुधवार वाचनाचे. सातांपैकी पाच मुले धडा सफाईने वाचतात, एक अडखळत, आणि एक मुलगी अजून काना-मात्रांशी झगडते. तिचे आईबाप ऊसतोडीला जातात. वर्षातले चार-पाच महिने ती कोणत्या शाळेत असते, ते तिलाच माहीत. देशभर निपुण भारतची मोहीम 2021 पासून चालू आहे. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावे, हे तिचे उद्दिष्ट. म्हणजे चौथीचे पुस्तक हे गृहीत धरूनच सुरू होते, की आता वाचायला शिकायचे नाही, वाचून शिकायचे. जो मागे राहिला, त्याच्यासाठी पुस्तकात जागा नाही. ‘असर’च्या पाहणीत 2005 पासून खेड्यांतल्या मुलांपुढे दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवतात आणि तो न वाचता येणारी मुले पाचवीतही सापडतात, ती याच फटीतून पडलेली.

बाईंनी त्या मुलीला पुस्तक दिलेच नाही. तिला उसाच्या फडातले काय काय ठाऊक आहे, ते विचारले. कोयता, मोळी, वाढे, बैलगाडी. तिने सांगितलेली चार वाक्ये मोठ्या अक्षरांत कागदावर लिहिली आणि तीच तिला वाचायला दिली. स्वतःचेच बोलणे कागदावर ओळखू आल्यावर तिचा चेहरा पाहायला हवा होता. याच जिल्ह्यात, फलटणला, मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेत जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञ बाई कायमच्या राहायला आल्या. त्यांच्या पुढाकाराने 1986 मध्ये कमला निंबकर बालभवन सुरू झाले. सगळी मुळाक्षरे नि बाराखडी संपेपर्यंत मुलाला ताटकळत न ठेवता थोड्या अक्षरांतून पहिल्यापासून अर्थाचे शब्द वाचायला द्यायचे, आणि मुलाच्या घरच्या बोलीला नाक मुरडायचे नाही, हे त्यांनी तिथे करून दाखवले.

दुसरे नाव कुमठे बीटचे. सातारा तालुक्यातल्या या बीटमधल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी खडे, बिया, काड्या, फरशीवर आखलेली चित्रे घेऊन मुलांना स्वतः शिकू दिले. ते पाहायला राज्यातून शिक्षकांच्या गाड्या येत. 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात तर ती यात्राच झाली. पण यात्रेला गेलेला माणूस प्रसाद आणतो, देव आणीत नाही. काही ठिकाणी फरश्या रंगल्या, भिंती रंगल्या आणि शिकवणे होते तिथेच राहिले.

गुरुवारी इतिहास. चौथी म्हणजे शिवछत्रपती, हे समीकरण महाराष्ट्रात 1970 पासून पक्के आहे. ते पुस्तक नवे होते, तेव्हा मीही चौथीच्या वयाचाच होतो. आम्ही ते तोंडपाठ केले, पण त्यातला प्रतापगड आमच्या उशाला आहे, हे आम्हाला कुणी खिडकीतून दाखवले नाही. बाईंचा धडा जावळीचा होता. 1656 मध्ये महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांचा पाडाव करून जावळी घेतली. वर्गात दोन मुलांचे आडनाव मोरे. त्यातला एक उभा राहिला. ‘‘बाई, मग आमी वंगाळ होतो?’’

खोलीत शांतता. माझ्या पोटात गोळा आला. हा प्रश्न मोठमोठ्यांनी टाळलेला आहे. बाई म्हणाल्या, ‘‘मुरारबाजी देशपांडे ऐकलेत ना? पुरंदरावर लढता लढता पडले ते. हे मुरारबाजी आधी कुणाकडं होते, माहीत आहे? मोऱ्यांकडं. जावळीत ते महाराजांच्या विरुद्ध लढले. महाराजांनी त्यांचं शौर्य बघितलं आणि आपल्यात घेतलं. आज तू कुणाकडं आहेस?’’ पोरगा छाती काढून म्हणाला, ‘‘म्हाराजांकडं!’’ आणि बसला. मग शेजारच्याने विचारले, ‘‘पण बाई, मोरे का नाय गेले महाराजांकडं?’’ त्या प्रश्नावर तास संपला. बाईंनी उत्तर दिले नाही. ‘घरी आजोबांना विचारून या’ म्हणाल्या. परीक्षेत हा प्रश्न येत नाही.

परीक्षा म्हटले, की शुक्रवार आठवतो. शिष्यवृत्तीचा सराव. पन्नासच्या दशकात सुरू झालेली ही परीक्षा मध्यंतरी चौथीवरून पाचवीवर नेली होती. 2025 मध्ये शासनाने ती पुन्हा चौथीला आणायचे ठरवले. हुशार पण गरीब मुलाला ती आधार देते, हे मला मान्य आहे. पण चार पर्यायांतून एक गोल काळा करण्याच्या घाईत ‘मोरे का नाही गेले’ असे विचारणारा मुलगा मागे पडतो. शिकवण्या लावणाऱ्या तालुक्याच्या गावातल्या मुलांशी त्याची शर्यत लावणेही फारसे न्यायाचे वाटत नाही.

शनिवारी सकाळची शाळा. 2024 पासून त्याला ‘आनंददायी शनिवार’ असे सरकारी नाव मिळाले आहे. खरे तर शनिवार आनंदाचा व्हायला परिपत्रक लागत नाही. बँकेत आमचा अर्धा शनिवार होता, तेव्हा आम्हालाही कुणी शिकवले नव्हते. मुलांनी ओढ्याकाठच्या झाडांची पाने गोळा केली, नावे लिहिली, एकमेकांशी भांडली.

या सात मुलांसाठी चौथीचे वर्ष मोठे आहे, याचे आणखी एक कारण आहे. गावातली शाळा इथे संपते. कायद्याने प्राथमिक शिक्षण पाचवीपर्यंत धरले असले, तरी अशा कितीतरी वाड्यांत चौथीनंतर बाहेर पडावे लागते. मुलींना एस.टी.चा मोफत पास आहे, तोही पाचवीपासून, एस.टी. मात्र वाडीपर्यंत आली पाहिजे. याच तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली कोयनेचा जलाशय स्वतः होडी वल्हवत ओलांडून आणि पुढे जंगल तुडवत शाळा गाठीत. जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची आपणहून दखल घेतली. त्याच्या पुढच्याच वर्षी, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवणारे पत्र निघाले. मी बँकेचा माणूस. तोट्यातल्या शाखेचे गणित मला कळते. पण तोट्यातली शाखा बंद झाली, तर खातेदार पुढच्या गावी जातो. शाळा बंद झाली, तर नऊ वर्षांची मुलगी जाईलच, असे नाही. एक घर इंग्रजी शाळेच्या गाडीत पोराला बसवते, दुसरे त्याचे पाहून, आणि पट आणखी खाली येतो. बाईंच्या शाळेचा पट तेवीस होता. त्यातून सात जाणार. पहिलीला येणार तीन.

परवा बाईंचा फोन आला होता. निकाल लागला. जाणाऱ्या मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले आता संगणकावरून छापून निघतात. ते हाती देण्याआधी त्यांनी प्रत्येकाला स्वतःचा दाखला मोठ्याने वाचायला लावला. ती ऊसतोडीवाल्यांची मुलगी एक-एक शब्दावर बोट ठेवत वाचत गेली, आणि आईच्या नावावर अडली.

‘‘बाई, हे चुकलंय. आईचं नाव सुरेखा हाय. हितं सुलेखा छापलंय.’’

बाईंनी दाखला रद्द केला आणि दुसरा छापायला घेतला.