चुका कोणत्या वॉर्डात जास्त?

समजा, एकाच रुग्णालयात दोन वॉर्ड आहेत. औषधे देताना झालेल्या चुका मोजल्या, तर पहिल्या वॉर्डात त्या पुष्कळ सापडतात आणि दुसऱ्यात अगदी थोड्या. आपल्या घरातील माणसाला दाखल करायचे झाले तर आपण कोणता वॉर्ड निवडू? उत्तर इतके उघड आहे की प्रश्नच खुळचट वाटावा. पण हेच उत्तर गृहीत धरून निघालेल्या एका संशोधिकेला तिच्या आकडेवारीने चांगलेच चकवले. संस्था कशा शिकतात आणि त्यात प्रमुखाचा वाटा किती, या विषयाच्या अभ्यासाला त्यातून नवे वळण मिळाले.

ही संशोधिका म्हणजे एमी एडमंडसन. शिक्षणाने मूळच्या अभियंत्या. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्या अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पीएच.डी.चे काम करीत होत्या. त्याच सुमारास डॉक्टरांचा आणि परिचारिकांचा एक गट दोन रुग्णालयांत औषधांच्या चुकांची मोजणी करीत होता. औषध रुग्णाच्या पोटात जाईपर्यंत बऱ्याच हातांतून जाते. डॉक्टर ते लिहून देतात, कोणीतरी ते उतरवून घेते, औषध विभाग ते पाठवतो आणि परिचारिका ते देते. एखादे दशांशचिन्ह इकडचे तिकडे झाले किंवा सारख्या नावाची बाटली उचलली गेली, की चूक झालीच. मोजणी करणारी प्रशिक्षित माणसे सहा महिने वॉर्डांत वरचेवर जात, केसपेपर वाचत आणि परिचारिकांना विचारत.

एडमंडसन यांच्याकडे निराळे काम होते. याच रुग्णालयांतील आठ वॉर्डांमध्ये त्यांनी एक प्रश्नावली वाटली. येथील माणसे एकमेकांना मदत करतात का, सिस्टर इन्चार्ज मार्गदर्शन कसे करतात, काम कशासाठी आहे हे सर्वांना स्पष्ट आहे का, अशा तऱ्हेचे प्रश्न. अपेक्षा सरळ होती: जेथे प्रमुख चांगला आणि माणसांत मेळ, तेथे चुका कमी. दोन्ही याद्या समोरासमोर ठेवल्या तेव्हा संबंध दिसला खरा, आणि तो चांगला ठळक होता. फक्त चिन्ह उलटे होते. प्रश्नावलीत जे वॉर्ड चांगले ठरले होते, त्यांच्यातच चुका जास्त!

मेळ असलेली माणसे गप्पांत रमून बेफिकीर होतात, असे म्हणून विषय संपवता आला असता. एडमंडसन यांनी जरा वेगळा विचार केला. मोजणाऱ्यांच्या हाती जो आकडा पडतो तो घडलेल्या चुकांचा नसतोच. तो उघडकीस आलेल्या चुकांचा असतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका वॉर्डात २० चुका घडल्या आणि पाचांपैकी चार सांगितल्या गेल्या, तर नोंद होईल १६. दुसऱ्या वॉर्डात ४० घडल्या, पण दहांतली एकच बाहेर आली, तर नोंद होईल ४. कागदावर दुसरा वॉर्ड चौपट चांगला दिसेल आणि प्रत्यक्षात तो दुप्पट वाईट असेल. वर्गात हे उदाहरण मुलांना जरूर सोडवायला द्यावे. आकडा कशाने मोजला, हे विचारल्याखेरीज आकड्यावर विश्वास ठेवू नये, ही सवय लावायला ते चांगले आहे.

पण सुचलेला खुलासा म्हणजे पुरावा नव्हे. तो तपासण्यासाठी एक सहायक या वॉर्डांमध्ये पाठवण्यात आला. कोणत्या वॉर्डात किती चुका सापडल्या, प्रश्नावलीचे निकाल काय आले, एवढेच काय, मनातील तर्क काय आहे, यातले काहीच त्याला सांगितले नव्हते. त्याने फक्त पाहायचे, माणसांशी बोलायचे आणि वॉर्डांचे वातावरण किती मोकळे आहे ते ठरवायचे. (ज्याला उत्तर माहीत असते त्याला तेच जागोजागी दिसू लागते, म्हणून ही काळजी.) त्याने लावलेला क्रम चुकांच्या क्रमाशी जवळजवळ जुळला. एका वॉर्डात परिचारिकांनी सांगितले की येथली औषधे जहाल आहेत, तेव्हा काही चुकले तर लगेच बोलावेच लागते. दुसरीकडे चूक कबूल करणे म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहणे, असे त्यांना वाटत होते. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी चुका सापडलेल्या वॉर्डांत जवळजवळ दहापट फरक होता.

हा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ वॉर्ड म्हणजे फार थोडे, हे येथे सांगितले पाहिजे. शिवाय मोकळ्या वॉर्डांत प्रत्यक्ष चुका कमी घडत होत्या, असे त्यातून सिद्ध होत नाही. सिद्ध झाले ते एवढेच की माणसे बोलतात की गप्प राहतात, यावर नोंद अवलंबून असते; आणि बोलणे-न बोलणे हे बऱ्याच अंशी प्रमुखाच्या वागण्यावर.

माणसे गप्प का राहतात, याचा अभ्यास त्याआधीपासून ख्रिस आर्जिरिस हे हार्वर्डमधलेच प्राध्यापक करीत होते. १९७७ मध्ये त्यांनी एका बड्या कंपनीची हकिगत मांडली. कंपनीचे एक उत्पादन फसले आणि दहा कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाल्यावर ते बंद करण्यात आले. ते चालणार नाही हे किमान पाच जणांना सहा वर्षे आधीच ठाऊक होते! त्यांनी वर कळवलेही होते. पण मधल्या अधिकाऱ्यांनी वाईट बातमी साहेबांना एकदम कशी द्यायची म्हणून ती थोडी थोडी, सौम्य करून वर पाठवली. वर पोहोचेपर्यंत तिच्यात काही उरले नाही. यात खोटे असे कोणीच बोलले नव्हते.

आर्जिरिस यांनी शिकण्याचे दोन प्रकार केले. आपल्या घरच्या ऑटोमॅटिक इस्त्रीत थर्मोस्टॅट असतो. इस्त्री ठरलेल्या तापमानापुढे गेली की तो प्रवाह तोडतो, थंड झाली की जोडतो. चूक दिसली की दुरुस्त केली, हा पहिला प्रकार. पण मुळात काटा ‘सुती’वर का ठेवला आहे, कपडा तर रेशमी आहे, हे थर्मोस्टॅट कधी विचारत नाही. ठरवलेल्या गोष्टीवरच शंका घेणे हा दुसरा प्रकार. संस्थांना पहिला बरा जमतो. दुसऱ्यात मात्र काटा ज्याने फिरवला त्यालाच विचारावे लागते आणि तो बहुधा साहेब असतो.

पुढे एडमंडसन यांनी फर्निचर बनवणाऱ्या एका कंपनीतील ५१ गटांचा अभ्यास केला. तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘या गटात चूक केली तर ती आपल्याविरुद्ध धरली जाते का’, अशा सात विधानांवर प्रत्येकाचे मत घेऊन त्यांनी गटाची ‘मानसिक सुरक्षितता’ मोजली. ही कल्पना एडगर शाइन आणि वॉरन बेनिस यांनी १९६५ मध्येच मांडली होती. ती गटाच्या पातळीवर मोजून दाखवली एडमंडसन यांनी. असे गट मदत मागत, चुकांवर चर्चा करीत, ग्राहकांना जाऊन विचारत. आणि ज्यांचे काम बाहेरच्या माणसांनीही चांगले ठरवले, ते गट असे शिकणारे होते. या शब्दाचा अर्थ लाडावलेपणा असा मात्र घेऊ नये. गट नुसता एकजिनसी असला तर उलट दुखवायला नको म्हणून माणसे मतभेद गिळतात. येथे अपेक्षा आहे ती अवघड गोष्ट तोंडावर बोलता येण्याची.

या साऱ्यात प्रमुख नक्की काय करतो? मला सर्वांत बोलका वाटतो तो हृदय शस्त्रक्रियांचा अभ्यास. एडमंडसन, रिचर्ड बोमर आणि गॅरी पिसानो यांनी सोळा रुग्णालयांत एक नवी पद्धत शिकली जात असताना तिच्यावर लक्ष ठेवले. हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या पद्धतीत छातीचे हाड मधोमध कापतात. हृदय सर्जनच्या डोळ्यांसमोर असते आणि महाधमनीला तो हातानेच चिमटा लावतो. नव्या पद्धतीत बरगड्यांमध्ये लहानसा छेद असतो. महाधमनी आतून बंद करण्यासाठी जांघेतील रक्तवाहिनीतून एक फुगा वर सरकवतात. तो जागेवर आहे की सरकला, हे सर्जनला दिसत नाही. भूलतज्ज्ञाला अल्ट्रासाउंडच्या पडद्यावर ते पाहून सांगावे लागते. हार्ट-लंग मशीन चालवणारा आणि परिचारिका यांनाही आपल्यासमोरचे आकडे मोठ्याने सांगत राहावे लागते. वर्षानुवर्षे सर्जनचा हुकूम ऐकण्याची सवय असलेल्यांनी आता सर्जनला सांगायचे होते: थांबा, फुगा सरकला आहे.

सुरुवातीला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागे. काही गटांचा वेळ झपाट्याने उतरला, काहींचा उतरेना. रुग्णालय मोठे की लहान, सर्जनचा हुद्दा कोणता, यांवरून हे ओळखता येत नव्हते. एका नावाजलेल्या रुग्णालयातील विभागप्रमुखाने अशा बऱ्याच शस्त्रक्रिया आधी दुसरीकडे केल्या होत्या, तरी त्याचा गट रेंगाळला. त्याच्या मते नवे तंत्र ही फक्त उपकरणांची बाब होती आणि मदतनीस कोण, याला फारसे महत्त्व नव्हते. सर्वांत लवकर शिकलेल्या गटांपैकी एक होता एका लहान रुग्णालयातला. तेथील सर्जन वयाने आणि अनुभवाने कनिष्ठ होता. त्याने गट स्वतः निवडला, पहिल्या काही शस्त्रक्रियांना तीच माणसे ठेवली आणि सर्वांना स्पष्ट सांगितले की मला या वेळी दिसणार नाही, तुम्ही बोलला नाहीत तर मला कळणार नाही.